सातवी ओळ

चलनात आधी सहाच ओळी होत्या.
छाननी, विकास शुल्क, जिना,
कामगार उपकर, राडारोडा, अनामत.
सातवी मी टाइप केली, गेल्या मार्गशीर्षात,
महासभेचा ठराव मांडीवर ठेवून:
पर्जन्यजल वाहिनी अंशदान, प्रति चौरस मीटर.
कागदावर जागा पुरेना,
म्हणून अक्षर एक नंबरनं बारीक केलं.

पहिला भडकला श्रेणिक उपाध्ये.
टेंबलाईच्या उतारावर सात मजले,
चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक, मधे शोभेचा एक माड.
"पाऊस काय मी पाडतो का साहेब?"
सगळा विभाग हसला. मीही.
पण दुपारभर डबा गोड लागला नाही.

तिथं कुसळाचा माळ होता.
मी त्याचे उतार काढलेत, शाईच्या पेननं, ट्रेसिंगवर.
सर आली की माळ आधी स्वतः प्यायचा,
मग ढेकर द्यायचा,
मग उरलंसुरलं ओढ्याला सोडायचा.
प्लिंथ एक थेंब घेत नाही.
प्लिंथ निर्व्यसनी आहे.
सगळं जसंच्या तसं खाली धाडते,
रुळांखालच्या मोरीतून, स्टँडच्या मागून,
शाहूपुरीत, कुंभार गल्लीत,
आणि जयंती नाला दोन हाकांवर असताना
पाणी तिथंच बसकण मारतं.

इंदुबाई वडणगेकर त्याच्या आदल्या आषाढात आली होती.
हाताला शाडू, पिशवीत अर्ज.
दोनशे गणपती खालच्या फळीवर होते,
बसल्या जागी विरघळले, पाट तेवढे राहिले.
"नदीचं पाणी वळखते मी," म्हणाली,
"ते सांगून येतं. मागल्या दारानं येतं.
पायरी चढतं, थांबतं, पुन्हा चढतं.
हे पुढनं आलं. वरनं आलं.
सिमिटाचा वास होता त्याला.
घर माझं जुनंच हाय, साहेब. पाणी नवं हाय.
नव्या पाण्याचा खर्च जुन्या घरानं का करायचा?"
मी अर्जावर लिहिलं: पाहिले. नस्तीबंद.
मग तो तीन महिने खणातून बाहेर काढत राहिलो.

चैत्रात मला पत्र आलं.
फुलेवाडी रिंगरोडला मी दोन खोल्या घेतल्यात,
बांधकाम पाचव्या स्लॅबवर.
'वाढीव शासकीय शुल्क, खरेदीदाराकडून:
एकतीस हजार चारशे.'
चष्मा लावून वाचलं तरी दिसेना.
ओळ माझी होती. बारीक अक्षरही माझंच.
"हे काय काढलंय आनि नवीन?" मालिनी म्हणाली.
पाण्याचे आहेत.
"कुठलं पाणी? नळ तर अजून आला न्हाई."
पाऊस काय आपण पाडतो का,
हे तोंडात आलेलं वाक्य
मी चहाबरोबर गिळलं.
पतपेढीतून उचल घेतली. भरले.

मग लेखा विभागात गेलो. ठरावात शब्द आहेत:
'रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी.'
"ठेवलीय की," बाळासाहेब आरबोळे म्हणाला,
"तेवढी दिवाबत्तीला थोडी उसनी गेलीय.
येईल माघारी."
कधी, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही, असं नाही.
दोनदा विचारलं.

तरी पाइप आले.
नऊशे मिलिमीटरचे, सिमेंटचे, चौदा नग.
गल्लीच्या कडेला ओळीनं आडवे टाकले,
चर खणायचा ठेकेदार पन्हाळ्याकडं दुसऱ्या कामावर.
आणि आषाढ लागला.

काल संध्याकाळी सहज तिकडून आलो.
पाऊस धरून होता.
इंदुबाईनं पाइपात फळ्या टाकल्यात,
आत गणपती ठेवलेत, एकामागं एक, सुकायला.
वरून पाणी ओघळत होतं, आत कोरडं.
"हे तुमचंच न्हवं?" तिनं विचारलं.
मी म्हणालो, थोडंसं.
कुठल्या पाइपातले किती इंच माझे,
हिशोब करता आला असता. केला नाही.
पुढच्या पाइपातला पहिला गणपती
रस्त्याकडं तोंड करून बसला होता,
डोळे अजून काढायचे होते.